धुराड्याची वाट

पेल्कींच्या तळघरात लाकडं जाळायची शेगडी बसवायची होती. शेगड्या-धुराडी बसवणाऱ्या मॉरीन थिबोडोने तिथेच कागदावर धुराडं आखलं: शेगडीपासून सरळ वर, घराच्या मधून, छपराबाहेर.

ड्वाइट पेल्कीने कागद परत तिच्याकडे सरकवला. "हे आमच्या बेडरूममधून जातंय. बायकोने आत्ताच तिथे नवी लाकडी जमीन करून घेतलीय. बाहेरच्या भिंतीवरून ने."

"बाहेर ते गारठून जाईल. जानेवारीत पहाटे शेगडी पेटवलीत की धूर वर चढणारच नाही. उलटा फिरून तळघरात भरेल."

"भरू दे की. आम्ही वर असतो. ऊब वर आली म्हणजे झालं."

"मग पहाटे पेटवणार कोण?"

"बाबा. ते इथे खालीच झोपतात."

मॉरीनच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने पेन्सिल खिशात टाकली. "तुझ्या बापाला धुरात कोंडायचं काम मी करत नाही. दुसरं कुणी बघ."

ती जिन्याकडे वळली, तेवढ्यात कोपऱ्यात सरपण रचत बसलेला म्हातारा क्लाइड उठला. मुलाकडे त्याने बघितलंसुद्धा नाही. खुंटीवरची करवत काढून त्याने तिचं टोक थेट छताला टेकवलं.

"थांब पोरी. हे घर मी बांधलंय. कुठली तुळई कुठून जाते ते मला पाठ आहे," तो म्हणाला. "याच्या पलंगाखाली एकही आडवी येत नाही."