वर केलेला अंगठा

भटारखान्याच्या दारात हेल्मीने विजेरी रोखली आणि ती थांबली. दार एकाच बिजागरीवर लोंबकळत होते. आत, शेगडीपलीकडे, तिचे आजोबा असणार होते. 'सॉल्वेग' ही मालबोट सुपिरियर सरोवरात बुडाली तेव्हा ते तिच्यावर आचारी होते, आणि त्या तळाच्या थंडीत काही कुजत नाही. मागच्या उन्हाळ्यात डोकावलेल्या पाणबुड्यांनी शेगडीशी बसलेला एक माणूस पाहिला होता. हेल्मीची आई आता अंथरुणाला खिळली होती. डोळे मिटण्यापूर्वी तिला एवढेच जाणून घ्यायचे होते, की बाबा तिथे आहेत का. आणि मोसमातली ही शेवटची बुडी होती.

हेल्मी आत सरकू लागली. पायपंख्यांनी गाळ उसळला. मागून येणाऱ्या ड्वेनचा, तिच्या सोबत्याचा, उजेड त्या पांढुरक्या धुरळ्यात विरला. त्याच क्षणी तिच्या झोतात एक हात आला. मूठ वळलेली, अंगठा वर.

जमिनीवर या खुणेचा अर्थ 'छान'. पाण्याखाली तिचा अर्थ एकच: बुडी संपली, वर चला. ती कोणीही करावी, केव्हाही करावी. इतरांनी कारण न विचारता पाळावी. कित्येक नवशिक्यांना हे हेल्मीनेच बजावले होते. तिने तोंडातली नळी करकचून चावली आणि ती मागे फिरली.

दोरीला धरून, टप्प्याटप्प्यावर थांबत, दोघे वर आले. नावेवर तिने पाठीवरची हवेची टाकी उतरवली. मग तिने नियम मोडला.

"एवढं काय बिघडलं होतं रे? आजोबा दोन हातांवर होते."

"मला काय विचारतेस?" ड्वेन म्हणाला. "अंगठा तू दाखवलास. तुझ्या नावानं शिव्या घालत वर आलो मी."

तिने सांगितले, की तिच्या एका हातात विजेरी होती आणि दुसऱ्याने तिने चौकट धरली होती. ड्वेनने ओठांशी नेलेला कॉफीचा पेला खाली ठेवला. त्या हातावर हातमोजा होता का, असे त्याने हळूच विचारले.

हेल्मीने आपल्या जाड हातमोज्यांकडे पाहिले.

"नखं दिसत होती," ती म्हणाली.

नावेखाली पाणी चुबुकचुबुक वाजत राहिले. ड्वेनने विचारले, "आईला काय सांगशील?"

"आहेत म्हणून सांगेन. वर जा म्हणाले."