कॅरिअरवरचे मास्तर

“अहो मास्तर, खाली काय बघताय? समोर बघा, समोर!” कारखान्यातला इस्तरीवाला मागून धावत ओरडला.

मास्तरांनी समोर बघितलं. समोर भिंत होती. ती त्यांनी घेतलीच अंगावर.

कारखान्याच्या मागच्या अंगणात, चिंध्यांच्या गोण्यांशेजारी, पन्नाशीला टेकलेला माणूस सायकलखाली आडवा झाला होता. विजार फाटली होती. तिचं एवढं काही नाही. विजारी शिवण्यातच त्यांचा जन्म गेला होता. पण गुडघाही चांगलाच सोलवटला होता आणि तो बघून इस्तरीवाल्याला हसू आवरेना. “घ्या! इतकी वर्षं गुडघा दुखतोय, गुडघा दुखतोय म्हणत होतात. आज खरंच दुखला की हो!”

मास्तर विजार झटकत उठले.

त्याचं असं झालं होतं. मास्तर आणि त्यांची बायको एकाच कारखान्यात कामाला. शाळांचे गणवेश शिवायचा कारखाना. ती कापड कापायची, हे शिवायचे. घर लांब, सायकल एकच, आणि ती चालवता यायची फक्त बायकोला. त्यामुळे रोज सकाळी ती पायडल मारायची आणि मास्तर मांडीवर दोन डबे घेऊन मागं कॅरिअरवर बसायचे. गेटवरचा वॉचमन लांबूनच हाळी द्यायचा, “आलं का पार्सल?” आजूबाजूचे फिदीफिदी हसायचे. बायको हसायची. मास्तरही हसायचे, पण आतून मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

एकदा बायको सायकल लावायला आत गेली, तेव्हा त्यांनी वॉचमनला हळूच ठोकून दिलं, “गुडघ्याचं दुखणं आहे हो. डॉक्टरांनी पायडल मारायची सक्त मनाई केलीय. गुडघा धड असता तर मी बसलो असतो होय बाईमाणसाच्या मागं?”

थाप पचली. गेटवरून ती कारखानाभर झाली. पोहोचली नाही ती फक्त बायकोपर्यंत. नवऱ्याचं दुखणं त्याच्या बायकोलाच कोण सांगायला जातंय?

गेटवरची मंडळी गप्प झाली, पण रस्त्यावरच्यांचं काय? येणारे-जाणारे वळून वळून बघायचे. मास्तर मान खाली घालून डब्यांची झाकणं बघत बसायचे. एक दिवस शेजारून जाणाऱ्या बसमधल्या पोरींनी खिडकीतून त्यांना टाळ्या वाजवल्या, आणि मास्तरांनी ठरवलं की आता बास. ज्याला खरं माहीत होतं, त्या इस्तरीवाल्याचे त्यांनी पाय धरायचे तेवढे बाकी ठेवले. “जादा काम आहे, तू हो पुढं,” असं बायकोला सांगून ते संध्याकाळी मागं राहायला आणि इस्तरीवाल्याच्या सायकलवर शिकायला लागले. पडले, झडले, कोपरं फोडून घेतली. मशीनचा कोपरा लागला, जिन्यावरून घसरलो, अशी घरी रोज नवी कथा. बायको मलम लावायची आणि म्हणायची, “जरा बघून चालत जा हो.” तेव्हा तर मास्तरांना तिच्याकडे बघवायचं नाही.

आणि एका संध्याकाळी जमलं. पाण्याच्या टाकीला अख्खी फेरी मारून ते भिंतीला न धडकता परत आले. इस्तरीवाल्याने शिट्टी वाजवली. मास्तरांचे डोळे भरून आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी बायकोच्या हातातून हँडल काढून घेतलं. “आज तू मागं बस.”

“मागं? मी?” ती हसायला लागली. “अगं बाई! शिकलात कधी? आणि मला पत्ता नाही!” डबे मांडीवर घेऊन ती बसली. सायकल झोकांड्या खात निघाली. चढावर मास्तरांना घाम फुटला, तर मागून ती म्हणाली, “सावकाश, घाई नाही.” तिने त्यांचा सदरा घट्ट धरला होता. मास्तरांची छाती फुगली. गेट दिसल्याबरोबर त्यांनी उगीचच घंटी वाजवली.

वॉचमन खुर्चीतून उठलाच. “वा मास्तर! बरा झाला म्हणायचा गुडघा! वहिनी, सुटलात बघा. मास्तर तेव्हाच म्हणाले होते, गुडघा धड असता तर बाईमाणसाच्या मागं बसलो नसतो म्हणून.”

“कुठला गुडघा?” असं तिने अर्धवट विचारलं आणि मध्येच थांबली. मग “हो का,” म्हणाली आणि खाली उतरली.

दिवसभर तिची कात्री चालू होती. दुपारी ती जेवायला मास्तरांशेजारी आली नाही. मास्तरांनी एक बाही उलटी जोडली, उसवली, आणि पुन्हा उलटीच जोडली. खोटं बोललो म्हणून रागावली असेल, हात जोडू, माफी मागू, असं ते मनाला समजावत राहिले.

संध्याकाळी ती सायकलपाशी उभी होती. मास्तर खाली बघत म्हणाले, “चुकलं माझं. लोक हसायचे गं. माणूस बोलून जातो काहीतरी.”

“लोक मलाही हसायचे,” ती म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. “माझी आईसुद्धा हसायची, कसला नवरा केलास म्हणून. मी तिला ताठ मानेनं सांगायचे, जगात पुरुष पुष्कळ असतील, पण बायकोच्या मागं बसायची ज्याला लाज वाटत नाही, असा एकच आहे, आणि तो मला मिळालाय.”