भुतांची वेस

अनीशच्या शाळेने पहिलीच्या पोरांना कागदाचं हॅलोविन गाव करून आणायला सांगितलं आणि ते नेहमीसारखं त्याच्या आईच्या, इंद्रायणीच्या गळ्यात पडलं. जुळे सोलापुरातल्या फ्लॅटवर ऑफिसातून यायचं, कुकर लावायचा आणि कात्री घेऊन बसायचं, असा तिचा आठवडा गेला. काळ्या कार्डशीटची पडकी घरं झाली, वेस झाली, वेशीबाहेर टिश्यू पेपरची भुतंही उभी राहिली.

सासूबाईंचं तोंड मात्र चालूच होतं. "ऐन सणासुदीत घरात भुतं कसली मांडतीस गं? अपशकुन आहे की तो!"

इंद्रायणीने गाव टेबलावर ठेवलं आणि ती झोपायला गेली.

सकाळी तिने गाव उचललं, तर वेशीला उरलेल्या कागदातून कापलेलं पिवळं लिंबू आणि हिरव्या मिरच्या लटकत होत्या. बाहेरची भुतं आत गेली होती.

"आई, हे काय?" तिने सासूबाईंना विचारलं.

"एवढं राबलीस, कुणाची दृष्ट लागायला नको," सासूबाई देवासमोरची वात सारखी करत म्हणाल्या.




"आणि भुतं आधी आत घेतली, मगच बांधलं," त्या पुढे म्हणाल्या. "नाहीतर बिचारी बाहेरच राहिली असती की!"