दुखायच्या आधी

"दुखणार नाही ना?" साहेबांनी तिसऱ्यांदा विचारलं.

"नुसता उजेड आहे, साहेब. उजेड दुखत नाही," दंतवैद्य म्हणाला आणि पेनाएवढं यंत्र त्याने साहेबांच्या जबड्यात सरकवलं. साहेबांनी खुर्चीचे हात असे आवळले, की कमरेचं पिस्तूल खुर्चीवर खडखडलं. समोरच्या पडद्यावर एकेक दात हिरवा उमटत गेला. वरच्या एका दाढेच्या खाचेत तेवढा तांबडा ठिपका होता.

"हिरवं ते निरोगी. तांबड्यात कीड लागायला लागलीय. अजून खड्डा नाही, दुखत नाही. लेप लावला की थांबेल."

"म्हणजे दुखायच्या आधीच कळतं?"

"आधीच!"

"आणि कोणी खोदायला बसलं, तर तिथे लवकर दुखेल?"

"तिथलं कवच पोखरलेलं असतं ना. आतल्या नसेपर्यंत लगेच पोचतो आपण." दंतवैद्याला आपल्या नव्या यंत्राचं फार कौतुक होतं. त्या भरात तो बोलून गेला.

साहेबांनी खुर्चीतून उठून रुमालाने ओठ टिपले. "आणा रे त्याला."

शिपायाने एका माणसाला फरफटत आत आणलं. हात मागे बांधलेले, एक डोळा सुजून मिटलेला. हा छापखान्यात कामाला होता. पत्रकं कोणी लिहिली, एवढंच त्याने सांगायचं होतं, आणि नेमकं तेवढंच तो सांगत नव्हता. खुर्चीपाशी तो अडला, तसं शिपायाने त्याच्या तोंडावर कोपर हाणलं. ओठ फाटला.

साहेबांनी शिपायाच्या कानाखाली जाळ काढला. "गाढवा, दात बघायचेत ना? तोंडावर कशाला मारतोस? पोट काय भाड्याने दिलंय त्याने?"

त्याला खुर्चीत बसवलं, पण रक्ताने यंत्राला काही दिसेना. दंतवैद्याने रक्त ओढून घेतलं, कापसाचे बोळे ठेवले, हवेच्या झोताने दात कोरडे केले. सवयीने म्हणाला, "दुखलं तर डावा हात वर करा."

माणूस हसला. ओठ आणखी फाटला.

हिरवा. हिरवा. हिरवा. खाली डावीकडे, शेवटून दुसऱ्या दाढेत मात्र तांबडं. दंतवैद्याने यंत्र झटक्यात पुढे नेलं. साहेब तेव्हा हातआरशात स्वतःची दाढ शोधत होते.

"काय म्हणतंय यंत्र?"

"एकही तांबडा नाही, साहेब. सगळे ठणठणीत."

"एकही नाही?" साहेबांनी आरसा ठेवला. "वा! याला म्हणतात घरचं वळण." मग सुस्कारा सोडून त्यांनी ट्रेमधला दात उपटायचा चिमटा उचलला. "आता काय, सगळ्याच दातांना विचारत बसावं लागणार. डॉक्टर, तुम्ही कुठून सुरुवात करता? उजवीकडून की डावीकडून?"



शिपायाने माणसाचं डोकं मागे दाबलं. साहेबांनी अंदाजाने चिमटा लावला, पिरगाळला आणि ओढला. पुढचा एक दात फरशीवर टणकन पडून कपाटाखाली गेला.

"थांबा," माणूस रक्त थुंकत म्हणाला. साहेब आशेने वाकले.

"खाली डावीकडे. शेवटून दुसरी. पडद्यावर तांबडी होती, मी बघितली. डॉक्टरांना रागावू नका, यंत्र नवीन दिसतंय त्यांना."

साहेबांनी दंतवैद्याकडे पाहिलं. मग चिमटा ठेवला, ड्रिल उचललं आणि त्याच्या हातात दिलं.

"घ्या. तुमच्यासारखा सफाईदार हात आमचा कुठला?"

माणसाने आपणहून तोंड उघडलं. दंतवैद्याने ड्रिल चालवायच्या पायपट्टीवर पाय ठेवला, पण दाबला नाही. शिपायाने त्यावर आपला बूट ठेवला आणि दाबला. ड्रिल किंचाळायला लागलं.

साहेब घाईघाईने दाराकडे सरकले. त्यांनी दोन्ही कानांत बोटं घातली होती.

"हा आवाज," ते म्हणाले, "लहानपणापासून सहनच होत नाही हो मला."