आठ दिवसांचा बेत

टॅम्पातल्या घरी टेबलावर फ्लोरिडाचा नकाशा पसरून लॉरेटा तासभर घसा कोरडा करत होती. सेंट ऑगस्टीन शहर नको, झऱ्यात पोहणं नको, 'की वेस्ट' बेट तर नकोच. सोळा वर्षांचा डेसमंड आणि चौदा वर्षांची टेसा, तिची दोन्ही पोरं मोबाइलमधून मान वर काढायला तयार नव्हती.

"रजेसाठी साहेबाच्या हातापाया पडले मी, आणि तुम्हाला त्याचं काहीच नाही!" तिने पेन्सिल भिरकावली. "आता तुम्हीच सांगा, जायचं तरी कुठे?"

टेसाने मोबाइल पालथा ठेवला.



"सरळ पेन्साकोलाला चल. शेवटच्या दिवशी आम्हाला तिथेच कायमचं बाबांकडे सोडणार आहेस ना? कोर्टाचा कागद वाचलाय आम्ही. मग आधीचे सात दिवस कशाला लाडीगोडी लावत फिरवतेस?"