नदीनं कूस बदलली

धोंडूबाई सकाळी दारात आली, तर नदीची मुख्य धार घराच्या भलत्याच बाजूनं चालली होती.

अकलोलीच्या खाली नदी मोठा वळसा घ्यायची. त्या वळशाच्या पोटात तिचं एकटीचं घर. गावाकडं जायला जमिनीची चिंचोळी पट्टी होती. दर पावसाळ्यात तिचे दोन्ही काठ ढासळायचे, पट्टी आणखी अरुंद व्हायची. एकोणनव्वदच्या पुरात नदीनं तीही कापली आणि वळसा सोडून सरळ वाट धरली.

आता गाव पलीकडं गेलं. पूर ओसरल्यावर तिचा दीर हिरामण समोरच्या काठावरून ओरडला, "वहिनी, होडी आणतो. गावात ऱ्हायला चला."

"नको, भावजी. मी हाय हितंच."

त्याला वाटलं, हिचा जीव नवऱ्याच्या घरात अडकलाय. पण धोंडूबाईची नजर मागं होती. जुन्या पात्रापलीकडं, टेकाडाच्या पायथ्याला, तिच्या लेकीचं घर होतं. सुमतीनं भिवंडीत लूमवर काम करणाऱ्या परजातीच्या पोराशी लग्न केलं, तेव्हा धोंडूबाईच्या नवऱ्यानं, तुळशीरामनं, तिला देवापुढं उभं करून शपथ घातली होती. नदी उतरून लेकीच्या दारात जायचं न्हाय. पुढं काही वर्षांनी तो वारला. शपथ मागं राहिली. संध्याकाळी पलीकडं दिवा लागायचा, धोंडूबाई त्याच्याकडं बघत जेवायची.

दिवाळीपर्यंत जुन्या पात्रात गाळ भरला. मग तो वाळला, वर लव्हाळा उगवला. एके दिवशी धोंडूबाई ठेवणीतलं लुगडं नेसली आणि चालू लागली. पाऊल कुठंच भिजलं नाही.

सुमती ओट्यावर तांदूळ निवडत होती. आईला बघून तिला उठायचंही सुचेना. धोंडूबाई तिच्याजवळ टेकली. शपथेचं बोलली, नदीचं बोलली.

"शपथ न्हाय मोडली मी," ती म्हणाली. "तुझ्या बापाचा शब्द राखला."

सुमतीनं तांदळाचं सूप बाजूला ठेवलं.

"बाबा तर यायचे, आई," ती हळूच म्हणाली. "उन्हाळ्यात पाणी उतरलं की बाजाराला म्हणून निघायचे, ते हितं. पोटभर जेवायचे. मी विचारायची, आईला का न्हाय आणलं? तर म्हणायचे, तिचंच मन वळत न्हाय."