साकरी येऊन गेली

मोहाची दारू आता पाड्यावर एकट्या लहानू भगतालाच चढत होती. बाकी सगळ्यांना नशेविरुद्धची लस लहानपणीच टोचलेली, त्यांना ती नुसतं कडू पाणी लागे. लस निघाली तेव्हा लहानूचं वय उलटून गेलं होतं, म्हणून तो सुटला. नशेशिवाय वारं येत नाही, म्हणून ते यायचं त्याच्याच अंगात. लांबलांबून माणसं आपल्या मेलेल्यांशी दोन शब्द बोलायला त्याच्या ओट्यावर यायची.

त्याची बायको साकरी वारली, त्या दिवशीही तो कुणाच्या तरी मेलेल्या बापाला बोलवायला परगावी होता. ती रागावून गेली का, एवढंच त्याला विचारायचं होतं. पण वारं उतरल्यावर त्याला काही आठवत नसे, आणि दुसरा भगत उरला नव्हता. शेवटी त्याने भाचीला समोर बसवलं.

"वनशी, मामी काय बोलते ते नीट ऐक. मागून गोड करून सांगू नको."

"मामीचं बोलणं गोड करायला गूळ पुरायचा नाही, मामा."

त्याने दोन थेंब धरतीला दिले आणि द्रोण तोंडाला लावला.

शुद्धीवर आला तेव्हा तो दारात बसलेला होता. ऊन ओट्यावरून उतरलं होतं.

"आली?"

"आली. तुमच्याच पायांनी घरभर फिरली. चुलीपाशी बघितलं, परसात बघितलं."

"रागावली होती?"

"नाही. म्हणाली, म्हातारा आजपण घरात नाही का?"

"मग?"

"मी म्हटलं, येतीलच. तेव्हापासून इथं दारात तुमची वाट बघत बसली होती."